हजेरीपटाबाहेरची कृपा

अभ्यासासाठी शास्त्रभाग : मत्तय २०:१-१६, मत्तय १८:१५-३५, मत्तय १:१-६



'कृपा' हा शब्द आपल्या उपासनेत इतक्या वेळा उच्चारला जातो की त्याचा अर्थ आपणांस ठाऊक आहे, असे आपण गृहीत धरून चालतो. मीही अनेक वर्षे तसेच धरून चाललो. रविवारच्या शाळेत शिकवले, घरगुती प्रार्थनासभांत बोललो, आणि 'कृपा म्हणजे योग्यता नसताना मिळालेले दान' ही व्याख्या मुलांकडून पाठ करून घेतली. व्याख्या चुकीची नव्हती. परंतु एका विधवा भगिनीने विचारलेल्या एका प्रश्नापुढे ती अपुरी पडली. तो प्रश्न आणि त्याचे मी दिलेले सदोष उत्तर या अभ्यासाच्या मुळाशी आहे, म्हणून प्रथम ती हकिकत सांगतो.

दुर्ग-भिलाईच्या बोरसी वसाहतीत काही मराठी ख्रिस्ती कुटुंबे राहतात. छत्तीसगडात मराठी माणूस नवा नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून तो येथे आहे, आणि पोलाद कारखाना उभा राहिल्यावर विदर्भातून आणखी कितीतरी जण पोटासाठी इकडे आले. अशाच एका कुटुंबातील कर्त्या पुरुषाने व्यसनापायी संसार वाऱ्यावर सोडला. पत्नीने शिवणकाम करून मुलांना वाढवले. सतरा वर्षांनी तो परतला, तो यकृताच्या आजाराने खंगून. शेवटच्या दोन महिन्यांत त्याने पश्चात्ताप केला, पाळकसाहेबांच्या हातून प्रभुभोजन घेतले आणि शांतपणे प्राण सोडला. दफनविधीच्या वेळी अकराव्या तासाच्या मजुरांचा दाखला वाचला गेला. सर्वांना गहिवरून आले.

आठवड्याने मी सांत्वनासाठी गेलो, तेव्हा ती भगिनी म्हणाली, "दादा, देवानं त्यांना क्षमा केली, असं पाळकसाहेब म्हणाले. केली असेल. पण मला कुणी विचारलं का?"

मी तिला तोच दाखला पुन्हा सांगितला. पहिल्या तासाच्या मजुरांनी कुरकुर केली तशी आपण करू नये, असेही वर सांगितले. ती गप्प राहिली. तिला पटले, असे समजून मी उठलो. वास्तविक, मी तिला गप्प केले होते.

आता शास्त्रभागाकडे वळू या.

द्राक्षमळ्याचा दाखला भिलाईच्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. हे शहरच वेतनावर उभे आहे. १९५५ साली भारत आणि सोव्हिएट संघ यांच्यात करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि तेव्हापासून येथील घराघरांचा दिवस पाळीने ठरत आला : पहाटे सहा, दुपारी दोन, रात्री दहा. हजेरी, जादा काम, कपात, बोनस हे शब्द येथील मुले बाराखडीबरोबरच शिकतात. पक्क्या नोकरीबाहेरचा माणूस सकाळी डबा घेऊन नाक्यावर उभा राहतो. इकडे त्या नाक्याला 'चावडी' म्हणतात. महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांपुढे त्या शब्दाने पाटील-तलाठी येतील, येथे मात्र फावडे आणि घमेले घेतलेली माणसे येतात. दहा वाजेपर्यंत कोणी नेले नाही, तर त्या दिवशी घरी काय न्यायचे, हा प्रश्न उभा राहतो.

प्रभू येशूने हाच नाका चितारला आहे. दिवस साधारणतः सकाळी सहा ते सायंकाळी सहा असा मोजला जाई. धनी पहाटे येतो, मग तिसऱ्या तासाला म्हणजे नऊला, मग बाराला, तीनला, आणि शेवटी अकराव्या तासाला, म्हणजे पाचला. दिवस संपायला एकच तास उरलेला असताना उभे असलेल्यांना तो विचारतो की तुम्ही दिवसभर रिकामे का राहिलात? त्यांचे उत्तर आपण घाईने वाचतो. आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही, असे ते म्हणतात. ते आळशी होते, असे दाखला कोठेही म्हणत नाही. जे नको असलेले, ज्यांच्यावरून प्रत्येकाची नजर पुढे सरकली, ते संध्याकाळपर्यंत उभे राहिले.

मजुरी त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी द्यावी, अशी मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा होती (अनुवाद २४:१५), कारण गरिबाचा जीव तिच्यात गुंतलेला असतो. एक दीनार म्हणजे एका कुटुंबाचा एका दिवसाचा निर्वाह. एका तासाच्या हिशेबाने दीनाराचा बारावा हिस्सा हातात पडला असता, तर न्याय झाला असता आणि मुले उपाशी झोपली असती. धन्याने काम मोजले नाही, भूक मोजली. कृपेचे माप हे असे आहे.

पहिल्या मजुरांची तक्रार आपल्याला चांगली कळते. धनी त्यांतील एकाला 'मित्रा' म्हणून हाक मारतो. मत्तयाच्या मूळ ग्रीक शुभवर्तमानात हाच शब्द गेथशेमाने बागेत प्रभू यहूदाला उद्देशून वापरतो (२६:५०). म्हणजे हाक जवळिकीची आहे, पण अंतर पडल्याची जाणीवही तिच्यात आहे. पुढे धनी विचारतो, त्याचा शब्दशः अर्थ असा की मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट झाला काय? आपण मराठीत म्हणतो, दुसऱ्याचे चांगले 'डोळ्यांत खुपते'. याहून नेमके भाषांतर मला सुचत नाही.

येथपर्यंत सारे सरळ आहे. माझी चूक यापुढे झाली. हा दाखला कोणाला सांगितला गेला? मागच्याच अध्यायात पेत्र विचारतो की आम्ही सर्व सोडून तुझ्यामागे आलो, तर आम्हांला काय मिळणार (१९:२७)? त्या प्रश्नाला हे उत्तर आहे. पेत्राचे कोणी काही हिरावून घेतले नव्हते. पहिल्या मजुरांचेही कोणी काही घेतले नव्हते. त्यांचा ठरलेला दीनार त्यांना पुरता मिळाला. बोरसीच्या त्या भगिनीची गोष्ट निराळी होती. तिची सतरा वर्षे घेतली गेली होती. ती शेजाऱ्याच्या मजुरीकडे पाहून कुरकुरत नव्हती. तिच्याच खिशातून गेलेल्याचा हिशेब ती विचारत होती. आपले प्रवचनकार (त्यांत मीही आलो) हे दोन प्रश्न एकच समजतात आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या तोंडावर मारतात.

तिच्या प्रश्नाजवळ जाणारा दाखला अठराव्या अध्यायात आहे. तो आपण निर्दय दासाचा दाखला म्हणून ओळखतो. राजाला दासाचे दहा हजार तालंत येणे होते, आणि त्या दासाला सोबतीचे शंभर दीनार येणे होते. एक तालंत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. दहा हजार तालंतांचे सहा कोटी दीनार होतात. वर्षाला तीनशे दिवस काम केले तरी ते फेडण्यास दोन लाख वर्षे लागतील. ही रक्कम मुद्दामच अशक्य ठेवली आहे, आणि 'मी सर्व फेडीन' हे त्या दासाचे बोलणे म्हणूनच इतके केविलवाणे वाटते.

परंतु शंभर दीनारांकडेही नीट पाहावे. उपदेशात आपण त्यांना 'क्षुल्लक' म्हणतो. ते क्षुल्लक नाहीत. ती शंभर दिवसांची मजुरी आहे. नाक्यावरच्या माणसाची तीन-चार महिन्यांची कमाई बुडाली, तर त्याला ते क्षुल्लक म्हणून दाखवावे! प्रभूने दुखावलेल्या माणसाचे येणे शून्य धरलेले नाही. त्याने ते मोजले, आकडा सांगितला, आणि मगच क्षमेविषयी बोलला. शिवाय याच अध्यायात, या दाखल्याच्या आधी, अपराध करणाऱ्या भावाकडे जाऊन त्याला त्याचा दोष दाखवावा, न ऐकल्यास साक्षीदार न्यावेत, तरीही न ऐकल्यास मंडळीला सांगावे, असे स्पष्ट शिक्षण आहे (१८:१५-१७). क्षमा करणे आणि मुकाट्याने सोसणे यांना प्रभूने एक मानले नाही. स्त्रियांना क्षमेचा उपदेश करताना मंडळ्यांनी हा पहिला भाग बहुधा गाळला आहे, हे कबूल करावे लागेल.

मग क्षमा म्हणजे काय? येथे आपली भाषा मदतीला येते. संस्कृत 'क्षम्' या धातूचा अर्थ सोसणे, सहन करणे. 'क्षमा' हे पृथ्वीचेही नाव आहे, कारण ती सर्वांचा भार वाहते. इब्री भाषेतही असेच आहे. जुन्या करारात पापक्षमेसाठी अनेक ठिकाणी जे क्रियापद येते, ते 'नासा', म्हणजे उचलणे, वाहणे. बत्तिसाव्या स्तोत्राच्या आरंभी ज्याला धन्य म्हटले आहे, त्याचा अपराध मूळ शब्दांप्रमाणे 'उचलला गेलेला' आहे. दोन इतक्या दूरच्या भाषांना एकच गोष्ट दिसली : अपराध हवेत विरत नाही, तो कोणीतरी उचलावा लागतो. राजाने दहा हजार तालंत सोडले, तेव्हा ते कोठे गेले? राजाच्या खजिन्यातूनच गेले. कर्जदार सुटतो, तेव्हा धनको तोटा आपल्या अंगावर घेतो. वधस्तंभ हा देवाने अंगावर घेतलेला तोटा आहे. म्हणूनच ती कृपा आपल्याला फुकट मिळते, आणि म्हणूनच ती स्वस्त नसते.

आता त्या भगिनीचे वाक्य पुन्हा ऐकू या. मला कुणी विचारलं का? तिच्या मनातली शंका अशी असावी की तिचे येणे तिच्या पाठीमागे कोणा तिऱ्हाइताने माफ करून टाकले. देव जर तिऱ्हाईत असता, तर तिची तक्रार अगदी रास्त ठरली असती. शेजारच्या घरी झालेली चोरी मी माफ करू शकत नाही. पण प्रभूने सांगितले आहे की कनिष्ठांतील एकाला जे केले, ते त्याला केले (मत्तय २५:४०). याचा अर्थ अक्षरशः घेतला, तर सतरा वर्षे ज्या घरात चूल कधी पेटली, कधी पेटली नाही, त्या घरात तोही होता. टाकून दिलेल्यांत तोही होता. त्याने क्षमा केली, ती त्याच घरातला एक धनको या नात्याने केली, आणि स्वतःचे येणे सोडले. तिचे येणे सोडायचे की नाही, केव्हा सोडायचे, हे त्याने तिच्या हातून काढून घेतलेले नाही.

काही वाचक विचारतील की तसे असेल, तर क्षमा करण्याच्या आज्ञेचे काय? आज्ञा आहेच. आपल्या अपराधांची क्षमा आपण मागतो, त्याच श्वासात दुसऱ्यांना क्षमा केल्याचे प्रभूच्या प्रार्थनेत म्हणतो. परंतु दाखल्यातील क्रम लक्षात घ्यावा. राजाने आधी सोडले, मग दासाकडून अपेक्षा केली. ज्याच्या ओंजळीत अजून काही पडलेच नाही, त्याच्याकडून आपण वाटप मागतो, ही आपली चूक आहे. जखमी माणसाला कृपा प्रथम मिळावी लागते, मग त्याच्याकडून ती वाहते. मी त्या दिवशी तिच्यासाठी काहीही न नेता तिच्याकडून मागायला गेलो होतो.

यासंबंधी पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यापूर्वी लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले सेवाकार्य त्यांनी पाहिले होते. अशा स्त्रियांवर इतकी माया कशासाठी, असे त्यांनी विचारले असता, त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली (योहान ४). ती कथा त्यांच्या अंतःकरणात रुजली. मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले. विद्वत्ता, त्याग, सेवा यांत कोठेही उणे नव्हते. तरीही १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या स्पष्ट सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षेपर्यंत त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. विल्यम हॅस्लाम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हॅस्लाम यांचे परिवर्तन १८५१ साली, म्हणजे धर्मगुरू झाल्यावर कित्येक वर्षांनी, स्वतःच प्रवचन करीत असताना व्यासपीठावर झाले होते! ते वाचून रमाबाई अंतर्मुख झाल्या, आणि आपल्याला स्वतः ख्रिस्ताची गरज आहे, हे त्यांना उमगले.

बालपणापासून त्यांनी आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा, व्रते, दाने केली होती. पुण्य जोडण्याची ती धडपड किती प्रामाणिक होती, हे त्यांनीच आदराने लिहिले आहे. बाप्तिस्म्यानंतर ते जोडणे थांबले नव्हते, फक्त खाते बदलले होते. वाचकहो, जन्मापासून मंडळीत वाढलेल्या आपणां पुष्कळांचे खातेही असेच असते. उपासनेची हजेरी, दशांश, गायनमंडळ, समितीवरील वर्षे. पौल रोमकरांस लिहितो की काम करणाऱ्याची मजुरी कृपा म्हणून धरली जात नाही, देणे म्हणून धरली जाते (४:४). पुढे तो सांगतो की वेतन देणारे पापच असते, देव देतो ते दान (६:२३). हे आपण पाठ केलेले असते आणि तरी महिनाअखेर देवाकडे वेतनपत्रक मागत राहतो.

रमाबाईंना दान म्हणून मिळाले, तेव्हा त्याचे पुढे काय झाले, हे मध्यप्रांताने पाहिले. आजचा छत्तीसगड तेव्हा त्याच प्रांताचा भाग होता. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि उपासमारीने मरणाच्या दारी पोहोचलेल्या मुली व बालविधवा यांना बरोबर घेऊन आल्या. आपले आईवडील दुष्काळातच गेले, हे त्या विसरल्या नव्हत्या. पुणे जिल्ह्यात केडगाव येथे त्या मुलींसाठी मुक्ती सदन वाढत गेले. तेथेच, समाजाने बाहेर काढलेल्या स्त्रियांसाठी एक स्वतंत्र घर उभे राहिले. त्याला नाव दिले 'कृपासदन'.

या नावापाशी मी बराच वेळ थांबतो. त्या घरात आलेल्या स्त्रियांपैकी कितीजणींनी अपराध केला होता आणि कितीजणींवर अपराध झाला होता? समाजाने तो फरक केला नव्हता, सर्वांना एकच शिक्का मारला होता. रमाबाईंनीही फरक केला नाही, पण उलट बाजूने. कृपा अपराध्याला हवी असते, तशीच जिच्यावर अपराध झाला तिलाही हवी असते, आणि तिला ती उपदेशाच्या रूपाने नको असते. तिला छप्पर, अंथरूण, जेवण आणि नावाने मारलेली हाक हवी असते. माझ्या व्याख्येत हे घर मावत नव्हते.

शेवटी एक गोष्ट राहिली. देव क्षमा करतो, तेव्हा दुखावलेल्याला विसरतो काय?

दावीद राजाने उरीयाच्या पत्नीला नेले आणि उरीयाला रणात मारवले (२ शमुवेल ११). नाथान संदेष्टा त्याच्यापुढे उभा राहिला, दावीदाने पाप कबूल केले, आणि परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, असे नाथानाने त्याला तेथल्या तेथे सांगितले. उरीयाला कोणी विचारले? तो तर मेला होता. तो इस्राएली नसून हित्ती होता, परका होता. त्याच्या वतीने कोणी दाद मागावी, असे तेथे कोणी नव्हते. पण पवित्र शास्त्राने त्याचे नाव सोडले नाही. दावीदाच्या सदतीस वीरांची यादी शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात येते, तिचे शेवटचे नाव उरीया हित्ती (२३:३९). राजांच्या इतिहासात दावीदाचा गौरव होतो, तेथेही उरीयाच्या प्रकरणाचा अपवाद नमूद होतो (१ राजे १५:५). आणि सुमारे हजार वर्षांनी मत्तय ख्रिस्ताची वंशावळ लिहितो, तेव्हा शलमोनाच्या आईचे नाव बथशेबा असे सरळ लिहिता आले असते. तो तसे लिहीत नाही. ती उरीयाची पत्नी होती, असे तो लिहितो (१:६). बथशेबाचे स्वतःचे नाव येथे आले नाही, याची मला खंत वाटते. तरीही दावीदाला क्षमा झाली, त्याच्या वंशात तारणारा जन्मला, आणि ज्याचे घर लुटले गेले त्याचे नाव नव्या कराराच्या पहिल्याच पानावर कायमचे लिहिले गेले. क्षमेने ते पुसले नाही.

हे मला सुचायला तीन वर्षे लागली. गेल्या पावसाळ्यात मी पुन्हा बोरसीला गेलो. ती भगिनी शिवणयंत्रावर बसली होती. मी प्रथम त्या दिवसाबद्दल तिची क्षमा मागितली. तिने हातातले काम थांबवले नाही, पण पाय थांबले. मग मी उरीयाविषयी सांगितले. तिने आपले पवित्र शास्त्र मागवले, मत्तयाचा पहिला अध्याय उघडला आणि बोटाने ओळी मोजत ते नाव शोधू लागली. त्याला वेळ लागला. वंशावळी आपण सहसा ओलांडूनच पुढे जातो.

"हे असं इथं लिहिलंय, हे मला कुणी दाखवलंच नव्हतं, दादा," ती म्हणाली. मग तिने मुलीला चहा ठेवायला सांगितले.